हातमाग : विणकराच्या घरातील न मांडलेला हिशेब



अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव आहे, मागांचे नव्हे. १९२० च्या दशकात येथे विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने उभे राहिले, आणि स्टेशनच्या पश्चिमेला राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बहुतेकांची रोजी कारखाना, रेल्वे, दुकान किंवा नोकरी यांच्याशी बांधली गेली. तेव्हा या स्मरणिकेत हातमागाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न आपणांस पडणे साहजिक आहे. परंतु कल्याणला उतरून खाडीपलीकडे गेले की भिवंडी लागते. तेथील मोमीन व अन्सारी घराण्यांचे मूळ हातमागात आहे. आपल्यापैकी काहींच्या आजोळी, काहींच्या सासरी माग चालत होता. आणि आपल्या शेजारी, उल्हासनगरच्या हद्दीत शहाड स्टेशनजवळ, मागाला लागणारे कृत्रिम रेशमाचे सूत तयार होऊ लागले, तो कारखाना आपण लोकलमधून अनेकदा पाहिला असेल. म्हणजे माग आपल्या गावात नसला, तरी मागाचा इतिहास आपल्या गावाला वळसा घालूनच गेलेला आहे.

हातमाग का बुडाला, असे विचारले असता बहुतेक जण एकच उत्तर देतात : यंत्र आले म्हणून. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. यंत्र येऊनही शंभर वर्षे हातमाग टिकून राहिला, तो कशाच्या बळावर, हे त्यातून कळत नाही. जे कशाच्या तरी बळावर टिकते, ते त्याच बळाच्या अभावी संपते. म्हणून आधी त्या बळाची चौकशी केली पाहिजे, आणि त्यासाठी विणकराच्या घरात जरा वेळ बसले पाहिजे.

'विणकर' हा शब्द एकवचनी आहे, येथूनच आपली फसगत सुरू होते. चित्रात आपण काय पाहतो? खड्डा माग, खड्ड्यात पाय सोडून बसलेला पुरुष, पायाखाली पावड्या, हातात धोटा. पण हा पुरुष धोटा फेकू लागण्यापूर्वी घरात किती काम झालेले असते, याचा विचार करा. बाजारातून सूत येते ते लड्यांच्या रूपाने. लडी सोडवायची, सूत गुंडाळायचे, तुटलेला धागा सांधायचा. मग उभ्या धाग्यांचा ताणा मांडायचा. ताण्याला खळ द्यायची, म्हणजे धागा घासून तुटत नाही. खळ दिलेला ताणा गल्लीत लांबच लांब ताणून कुंच्याने विंचरायचा. एकेक धागा फणीतून ओवायचा. आडव्या धाग्यासाठी, म्हणजे बाण्यासाठी, लहान लहान कांड्या भरायच्या, कारण धोट्यात कांडी बसते आणि ती थोड्याच वेळात संपते. माग चालू असेपर्यंत कोणीतरी रहाटाजवळ बसून कांड्या भरतच राहिले पाहिजे. हे कोणीतरी म्हणजे विणकराची बायको, आई आणि मुले.

विद्यार्थ्यांसाठी येथे थोडे गणित देतो. सुताच्या जाडीला नंबर असतो. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या मावतील, तितका त्या सुताचा नंबर. ४० नंबरच्या सुताच्या एका पौंडात ४० लड्या, म्हणजे ४० गुणिले ८४०, बरोबर ३३,६०० यार्ड धागा. मीटरमध्ये सांगायचे तर साडेतीस किलोमीटरांहून थोडा अधिक. अशा दोन पौंड सुताचा धागा अंबरनाथ स्टेशनापासून सरळ ताणला, तर तो बोरीबंदरला पोहोचून थोडा उरेल. या धाग्याचा साधारण निम्मा भाग बाण्याचा धरला, तरी तो सर्व कांड्यांवर चढवावा लागे, आणि तो चढवणारी बोटे बहुधा दहा-बारा वर्षांच्या मुलाची असत.

ही केवळ कल्पना नव्हे. १९४१ साली हिंदुस्थान सरकारने हातमाग व गिरण्या यांच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. पी. जे. थॉमस हे तिचे अध्यक्ष होते आणि १९४२ साली तिचा अहवाल निघाला. त्या अहवालात देशातील हातमाग सुमारे २० लाख धरले आहेत, प्रत्यक्ष विणणारे सुमारे २४ लाख, आणि मदतनीस सुमारे ३६ लाख. मागावर बसणारे दोन, तर मागाभोवती राबणारे तीन. या तिघांपैकी बहुतेकांना मजुरी नव्हती. मजुरी ठरे ती कापडाच्या नगावर, आणि ती पडे घरातील कर्त्या पुरुषाच्या हाती. बायकामुलांचे श्रम त्या दरात कोठे धरलेच नव्हते. गिरणीच्या मालकाला कांडी भरणाऱ्याला पगार द्यावा लागे, विणकराला लागत नसे. हातमागाने गिरणीशी जी झुंज दिली, ती या बिनमजुरीच्या बळावर दिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता इतिहासाकडे वळू. ठाणे परिसराचे कापड जुने आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्यातून बाहेर जाणाऱ्या मालात कातड्याबरोबर सुती कापडाची नोंद केली आहे. पण आज आपण ज्यांना विणकर समाज म्हणून ओळखतो, ते येथे फार नंतर आले. १८५७ च्या उठावानंतर आझमगढ, मऊ, बनारस, अलाहाबाद या भागांतील मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले. उठावानंतरची दडपशाही हे एक कारण. त्याआधीपासून मँचेस्टरच्या कापडाने त्यांच्या मालाची मागणी खाल्ली होती, हे दुसरे. आणि १८६० च्या दशकातील दुष्काळ हे तिसरे. मुंबई-आग्रा रस्त्याचा नकाशा समोर ठेवा. धुळे, मालेगाव, भिवंडी ही तिन्ही विणकरांची गावे त्याच रस्त्यावर आहेत, आणि बऱ्हाणपूरही त्या वाटेपासून फार दूर नाही. माणसे चालत चालत जेथे सूत मिळेल आणि कापड विकले जाईल तेथे थांबत गेली. मालेगावला नारो शंकरांच्या किल्ल्यामुळे कारागिरांची वस्ती आधीच होती, भिवंडीला कोकणी मुसलमानांची जुनी पेठ होती.

या लोकांना तेव्हा 'जुलाहा' म्हणत, आणि त्या शब्दात आदर नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत त्यांनी 'मोमीन' आणि 'अन्सारी' ही नावे संघटितपणे पुढे आणली. कारागिराने आपल्या नावासाठी केलेला तो झगडा होता. त्याचा इतिहास मराठीत अजून नीट लिहिला गेलेला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली, म्हणजे गिरण्या आणि हे विणकर जवळजवळ एकाच वेळी या मुलखात आले. सुरुवातीला गिरण्यांनी विणकराला मारले नाही, उलट सूत पुरवले. त्या काळच्या मुंबईच्या गिरण्या मुख्यत्वे सूत काढीत आणि त्यातील बरेचसे चीनला पाठवीत. हातसुतापेक्षा गिरणीचे सूत स्वस्त व एकसारखे असे. विणकराने ते घेतले, पुढे कृत्रिम रंग घेतले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी झटक्याने धावणाऱ्या धोट्याचा मागही घेतला. जुन्याला कवटाळून बसलेला अडाणी माणूस, असे जे विणकराचे चित्र रंगवले जाते, ते मला मान्य नाही. पैसा आणि उपयोग यांचा मेळ जेथे बसला, तेथे त्याने नवे साधन उचलले आहे.

मग तो विणत काय होता? लुगडी. आपल्याकडील बायका नऊवारी नेसत. खानदेशात एक काठ, देशावर दुसरा, कोकणात तिसरा. रंगही गावोगाव निराळे, आणि एका जातीचे लुगडे दुसरीला चालत नसे. गिरणीला हजारो वार एकसारखे कापड काढणे परवडते, पंचवीस तऱ्हांची थोडी थोडी लुगडी काढणे परवडत नाही. या फटीत हातमाग जगला. मालेगावचा मोमीन विणकर उर्दू बोले, पण त्याच्या मागावरचे कापड मराठी शेतकरणीच्या आवडीने ठरे. तिच्या काठाची रुंदी, पदराचे पट्टे, हिरव्याची छटा त्याला तोंडपाठ असे. या व्यवहाराने दोन समाज एकमेकांच्या घरात किती आतपर्यंत पोहोचले होते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

खादीच्या चळवळीने मात्र या विणकरांना फारसा हात दिला नाही. गांधीजींचा आग्रह हातसुताचा होता, आणि मालेगाव-भिवंडीचे माग गिरणीच्या सुतावर चालत होते. स्वदेशी खरे, पण खादी नव्हे, अशा कात्रीत ते सापडले.

सुताचा व्यापारी आणि विणकर यांचे नाते सर्वांना माहीत आहे, त्यावर फार लिहीत नाही. सूत उधारीवर घ्यायचे, कापड त्यालाच द्यायचे, दर त्याने ठरवायचा. सहकारी सोसायट्या निघाल्या, काही चांगल्या चालल्या, पुष्कळ कागदावर राहिल्या. विणकराला अक्षरओळख नसल्याने सोसायटीची वही दुसऱ्याच्या हातात राहिली, एवढे येथे नोंदवतो. कारण पुढे ते लागणार आहे.

हातमागाचा खरा प्रतिस्पर्धी मात्र गिरणी नव्हे, तो त्याच्या घरातूनच निघाला. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. १९३० च्या दशकात वीज आली तसे भिवंडी व मालेगावलाही यंत्रमाग सुरू झाले. हे माग नवे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग भंगाराच्या भावाने घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावायचे, असा प्रकार होता. घेणारे कोण? हातमागात चार पैसे राखलेले मोमीन कारखानदारच. ज्याच्या घरी तीन-चार हातमाग होते त्याने दोन यंत्रमाग घेतले, आणि ज्याच्याकडे एकच होता तो त्याच्याकडे कारागीर म्हणून लागला. हातमागावर एका माणसाला एकच माग सांभाळता येतो, यंत्रमागावर तो चार, कधी सहा सांभाळतो. आणि यंत्रमाग काय विणू लागला? तीच लुगडी, तेच काठ. ज्या फटीत हातमाग जगत होता, त्या फटीत यंत्रमाग शिरला, कारण त्या फटीची माहिती त्याच्या मालकाला वडिलांकडून मिळालेली होती. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचे कापड लष्कराकडे जाऊ लागले आणि कापडाचा तुटवडा पडला, तेव्हा या धंद्याने बाळसे धरले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हातमागाला आधार देण्याचे ठरवले, हे खरे आहे. १९५० साली काही वाणांचे उत्पादन हातमागासाठी राखून ठेवले गेले, १९५२ साली अखिल भारतीय हातमाग मंडळ आले, १९५३ साली गिरणीच्या कापडावर जादा कर बसवून तो पैसा खादी व हातमागाकडे वळवण्याचा कायदा झाला. पण हातमागाचे पुढे करायचे काय, याविषयी सरकारी समित्यांचेच एकमत नव्हते. १९५४ साली कानुनगो समितीने सांगितले की, नाजूक कलाकुसरीचे माग सोडून बाकीचे हळूहळू यंत्रावर न्यावेत. १९५५ साली कर्वे समितीने सांगितले की, त्याने बेकारी वाढेल, हातमाग राखला पाहिजे. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत ३५,००० यंत्रमाग सहकारी पद्धतीने विणकरांना देण्याचे ठरले, म्हणजे दोन्ही म्हणण्यांची तडजोड झाली. तिकडे गिरण्यांच्या मागांची वाढ १९५६ पासून रोखून धरली गेली. परिणामी मधली मोकळी जागा यंत्रमागाला मिळाली. चार मागांपर्यंतच्या कारखान्याला उत्पादनशुल्क माफ होते, म्हणून एकाच शेडमधील सोळा माग कागदावर चार भावांच्या नावे लागले. भाऊ कमी पडले तेथे मेहुणे कामी आले. १९६४ साली अशोक मेहता समितीने यंत्रमागांची पाहणी केली, तोवर यंत्रमाग मागे हटण्याच्या पलीकडे गेला होता.

याच काळात आपल्या परिसराचा भाग या गोष्टीत येतो. मोहोने येथे नॅशनल रेयॉन ही कंपनी १९४६ साली स्थापन झालेली होती, आणि १९५६ साली शहाडला सेंचुरी रेयॉनचे उत्पादन सुरू झाले. लाकडाच्या लगद्यापासून काढलेले हे चकचकीत सूत कापसावर अवलंबून नव्हते. आर्ट सिल्क नावाने ते यंत्रमागावर चढले आणि भिवंडीला ते हाताच्या अंतरावर होते. पुढे नायलॉन व पॉलिएस्टर आले. बायकांचा पेहराव बदलला, नऊवारीच्या जागी पाचवारी आली, आणि सुती काठाऐवजी धुण्यास सोपी, इस्त्री न लागणारी साडी आवडू लागली. त्या बायकांना दोष देता येत नाही. नऊ वारांचे जाड सुती लुगडे रोज धुऊन पाहिल्याशिवाय या आवडीवर टीका करू नये.

१९७४ साली सूतगिरण्यांवर बंधन आले की, देशातील विक्रीच्या सुतापैकी निम्मे सूत लड्यांच्या रूपात द्यावे, कारण लडी हातमागाला लागते व यंत्रमागाला सुताचा कोन लागतो. हेतू चांगला होता. पण लडी सोडून कोनावर गुंडाळता येतेच, आणि लडीच्या सुताला करात सवलत असल्याने ते सूत मधल्यामध्ये यंत्रमागाकडे वळत गेले. हे प्रमाण पुढे २००३ साली ४० टक्के व २०१९ साली ३० टक्के करण्यात आले. १९८५ साली संसदेने हातमागासाठी वाण राखून ठेवण्याचा स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली २२ वाण राखले गेले. यंत्रमागवाले न्यायालयात गेले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण तीन वर्षांतच, १९९६ साली, २२ वाणांचे ११ झाले. मधल्या काळात यंत्रमागावरचे कापड हातमागाचे म्हणून विकण्याची सवय बाजाराला लागून गेली होती.

येथे कोणी विचारील की, पैठणी तर टिकली ना? होय, येवल्याला व पैठणला माग आहेत, आणि २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, तेथील हिमरू व मशरूही नावाने जिवंत आहेत, जरी माग बोटांवर मोजण्याइतके उरले. मशरू हे वस्त्र आपल्या वाचकांना विशेष वाटेल. पुरुषाने अंगाला रेशीम लावू नये या धार्मिक नियमाला मान देऊन विणकरांनी असे कापड काढले की, वरून रेशीम दिसते आणि अंगाला सूत लागते. त्या नावाचाच अर्थ शरीअतला मान्य असलेले, असा आहे. ही सर्व वस्त्रे टिकली ती महाग असल्यामुळे आणि त्यांना नाव असल्यामुळे. मालेगावच्या रंगीत लुगड्याला असे नाव नव्हते. ते रोज नेसण्याचे, शेतात जाण्याचे कापड होते. बहुसंख्य विणकर तेच विणत होते, आणि प्रदर्शनात मांडलेल्या पैठणीमुळे त्यांचे काही टळले नाही.

आता मूळ हिशेबाकडे येतो. वर सांगितले की, हातमाग टिकला तो बायकामुलांच्या बिनमजुरीच्या श्रमावर. ते श्रम दोन बाजूंनी सुटत गेले. एक बाजू यंत्रमागाची, ती आपण पाहिली. दुसरी बाजू शाळेची. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिणे जरा अवघड वाटते, पण खरे आहे ते लिहिले पाहिजे : हातमाग बंद पडण्यात शाळेचाही वाटा आहे. सकाळी मुलगा शाळेत गेला की कांड्या भरायला माणूस नाही. कांडी नाही तर माग उभा. माग उभा तर संध्याकाळचे पीठ नाही. ज्या बापाने मुलाला चौथीतून काढून रहाटावर बसवले, त्याला आपण अडाणी म्हणत आलो. तो अडाणी नव्हता. त्याच्यापुढचा हिशेब त्याला आपल्यापेक्षा चांगला कळत होता. मुलाच्या जागी मजूर ठेवला तर नगामागे मिळणाऱ्या पैशांतून काय उरते, हे त्याला तोंडी माहीत होते, आणि उत्तर शून्याच्या आसपास येत होते.

हा हिशेब सरकारलाही माहीत होता. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विणकामात मुलांना लावण्यास बंदी केली, परंतु मालक आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करीत असेल तर त्याला ती बंदी लागू नव्हती. म्हणजे परक्याच्या मागावर मुलगा बसला तर गुन्हा, बापाच्या मागावर बसला तर नाही. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. २०१६ साली बालकामगार कायदा सुधारला, चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांतून वगळले, पण शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्याला हातभार लावण्याची मुभा पुन्हा ठेवली. घरचा धंदा बिनमजुरीवर चालतो, हे त्या मुभेत गृहीत धरलेले आहे. हा दोष मुलांच्या शाळेचा नाही. दोष नगाच्या दराचा आहे, ज्यात तीन माणसांचे काम मोजलेच गेले नव्हते. तो दर पहिल्यापासून खरा लावला असता, तर मुलगा शाळेत गेल्याने माग बंद पडला नसता. माझ्या मते हातमागाच्या दुरवस्थेचे मूळ येथे आहे, आणि यंत्र हे त्यानंतरचे कारण आहे.

यात एक दुसरे नुकसानही झाले. रहाटावरून सुटलेला मुलगा शाळेत आला, पण त्याच्याबरोबर घरातील विद्या शाळेत आली नाही. ताण्याची मोजणी, नक्षीचा आराखडा, रंगाची मात्रा, सुताचा नंबर ही सर्व गणित व रसायनशास्त्राची अंगे आहेत, आणि ती त्याच्या वडिलांना येत होती. शाळेने ती विचारली नाहीत, वडिलांनी ती सांगण्याजोगी मानली नाहीत. मुलगा शिकला तर माग सोडण्यासाठी शिकला, न शिकला तर यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला लागला. सूत, वही आणि बाजार हाती घेण्यासाठी शिकलेला फार थोडा निघाला. सोसायटीची वही दुसऱ्याच्या हातात राहिली, असे वर म्हटले, ती तशीच राहिली.

मुलींचा हिशेब तर याहूनही कोणी मांडला नाही. मुलगा शाळेत गेला तेव्हा त्याच्या वाट्याच्या कांड्या बहिणीकडे आल्या. यंत्रमाग आल्यावरही कांडी संपली नाही, ती घरोघरच्या बायकांकडे नगावर जाऊ लागली. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशभर ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार नोंदले गेले, त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. १९९५ च्या गणनेत एकूण संख्या ६५ लाखांच्या वर होती. पंचवीस वर्षांत धंदा निम्म्यावर आला आणि पुरुष त्यातून आधी बाहेर पडले. त्याच गणनेप्रमाणे सुमारे दोनतृतीयांश विणकर कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा कमी आहे. या आकड्यात घरातील किती हात राबतात, ते पुन्हा मोजलेले नाही.

आणि यंत्रमागाचे काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचे काम भिवंडीकडे वळले आणि तेथे भरभराट झाली. पण ती टिकली नाही. विजेचे दर, सुताच्या किमतीतील चढउतार, परदेशी कापड, २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा वस्तू व सेवाकर, एकामागून एक धक्के बसत गेले. मालेगावची रंगीत साडी मागे पडून साधे कोरे कापड मागांवर आले. भिवंडीत अनेक शेडमधील माग वजनावर भंगारात गेले आणि त्या रस्त्यांना गोदामे उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांनी भंगाराच्या भावाने दिलेला माग शेवटी भंगाराच्याच भावाने गेला. २०२० साली अखिल भारतीय हातमाग मंडळही बरखास्त झाले.

विद्यार्थी मित्रहो, विणकामाची विद्या रीतसर शिकण्याची सोय देशात आहे. १९५६ साली मुंबई, मद्रास व वाराणसी येथे विणकर सेवा केंद्रे निघाली. त्याच वर्षी वाराणसीला हातमाग तंत्रज्ञानाची संस्था आली, पुढे १९६० साली सेलमला आली. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका असते आणि विणकर कुटुंबातील मुलामुलींसाठी काही जागा राखीव असतात. मुंबईत माटुंग्याच्या व्ही. जे. टी. आय. मध्ये व इचलकरंजीच्या डी. के. टी. ई. मध्ये वस्त्रोद्योगाचे अभियांत्रिकी शिक्षण मिळते. ज्या घरात आजी किंवा पणजी रहाटावर बसलेली होती, त्या घरातील मुलाने किंवा मुलीने अर्ज करण्यापूर्वी तिला, ती हयात असल्यास, विचारून घ्यावे की दिवसाकाठी किती कांड्या भरल्या जात आणि त्यांचे काय मिळे. सुताच्या नंबराचे गणित या संस्थांत शिकवले जाते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडेच मिळेल.